निवडुंग, कीटक आणि उष्णतामान

महाराष्ट्राच्या पठारी मुलखात गावकुसाबाहेर, ओढ्याच्या काठाने किंवा पडीक माळावर फड्या निवडुंग पाहिला नाही असा मनुष्य विरळा. नागाच्या फणेसारख्या रुंद, मांसल आणि काटेरी फडांची ही वनस्पती इतकी परिचयाची झाली आहे की, ती याच भूमीतील असावी असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ती मूळची अमेरिका खंडातील. समुद्रमार्गे ती आफ्रिका, हिंदुस्थान, सिंहलद्वीप व ऑस्ट्रेलिया या देशांत जाऊन पोहोचली. कोठे कुंपणासाठी, कोठे शोभेसाठी, तर कोठे रंगाच्या व्यापारासाठी तिला मुद्दाम नेण्यात आले. परंतु मायदेशी तिच्यावर उपजीविका करणारे जे कीटक होते ते बहुतांशी मागेच राहिले. शत्रू मागे राहिले आणि वनस्पती तेवढी पुढे आली. मग ती बेसुमार माजली यात नवल ते काय?

मागे राहिलेले हे शत्रू पुढे मनुष्याने शोधून आणले, निवडुंगावर सोडले आणि कोट्यवधी एकर जमीन मोकळी केली, ही हकिकत कीटकशास्त्राच्या इतिहासात मोठ्या अभिमानाने सांगण्यात येते. ती खरीही आहे. तथापि वनस्पती, कीटक व मनुष्य या तीन पात्रांखेरीज या कथेत एक चौथे पात्र आहे, आणि त्याची भूमिका कोणाहूनही कमी महत्त्वाची नाही. ते पात्र म्हणजे हवेचे उष्णतामान. ज्या किड्याने एका प्रांतात निवडुंगाचे रान भुईसपाट केले, तोच किडा दुसऱ्या प्रांतात त्याच निवडुंगावर मंदगतीने, अर्धवट काम करताना आढळला. या भेदाची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील एक प्रमुख कारण उष्णतामापकाच्या पाऱ्यात सापडते.

मनुष्याचे शरीर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात आपली ऊब बहुतेक सारखीच राखते. कीटकाला ही सोय नाही. भोवतालची हवा जितकी उष्ण तितकेच त्याचे शरीर उष्ण, आणि शरीर जितके उष्ण तितक्या वेगाने त्याचे खाणे, वाढणे, कात टाकणे व प्रजोत्पादन चालते. थंडी वाढली की हे सर्व व्यापार मंदावतात आणि एका विशिष्ट मर्यादेखाली ते अजिबात थांबतात. उलट, उष्णता फार वाढली तर वेग प्रथम स्थिरावतो, मग ढासळतो आणि शेवटी प्राणी मरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच पतंगांचे कोश थंड तळघरात आणि उबदार जागी ठेवून पाहिले. थंडीतील कोशांतून पतंग बाहेर पडण्यास फार विलंब लागतो आणि उबेतील कोश लवकर फुटतात, असे त्याच्या ध्यानात आले. १७३५ मध्ये त्याने दररोजच्या उष्णतामानाची बेरीज करून पिकांच्या पक्वतेचा हिशोब मांडण्याची कल्पनाही पुढे ठेवली. वाढीच्या खालच्या मर्यादेहून दिवसाचे सरासरी उष्णतामान जितके अंश अधिक, तितके अंश त्या दिवशी प्राण्याच्या खात्यावर जमा झाले असे धरावयाचे, आणि ठराविक बेरीज पूर्ण झाली की त्याची एक पिढी पुरी झाली असे मानावयाचे, ही आजच्या कीटकशास्त्रातील रीत त्याच विचारातून विकसित झालेली आहे.

हे शास्त्र ग्रंथबद्ध होण्यापूर्वीच त्यातील व्यवहार मेक्सिकोतील ओआहाका प्रांताच्या शेतकऱ्यांना अनुभवाने उमगला होता. तेथे निवडुंगावर कोशिनिल नावाचा बारीक किडा पाळीत असत. या किड्याच्या माद्या वाळवून त्यांपासून सुंदर किरमिजी रंग निघतो. स्पेनच्या साम्राज्यात रुप्याखालोखाल मोलाचा समजला जाणारा हा माल होता. परंतु पाळीव कोशिनिल अत्यंत नाजूक. हिमकण पडले किंवा पावसाची झोड उठली की तो मरावयाचा. म्हणून तेथील शेतकरी निवडुंगावर आच्छादन घालीत, पावसाळ्याच्या दिवसांत किडे टोपल्यांत भरून अनुकूल हवेच्या ठिकाणी नेत आणि ऋतू पालटला की परत आणीत. किडा कोठे जगेल हे त्याच्या खाद्याइतकेच हवाही ठरविते, हे त्यांना पूर्णपणे ठाऊक होते.

या किरमिजी रंगाच्या लोभानेच कोशिनिलने हिंदुस्थानात पाऊल टाकले. स्पेनची मक्तेदारी मोडावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी खटपट करीत होते. मद्रास येथे डॉ. जेम्स अँडरसन याने त्यासाठी निवडुंगाची खास बाग लावली होती. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन याने ब्राझीलहून काही जिवंत किडे बंगाल प्रांतात आणले. ते पाळीव जातीचे आहेत अशी समजूत होती. प्रत्यक्षात ते निघाले रानटी जातीचे. त्यांच्या अंगावर कापसासारखे मेणचट पांढरे आवरण होते, ते हवेच्या फेरफारांस अधिक दाद न देणारे होते आणि त्यांच्यापासून मिळणारा रंग हलक्या प्रतीचा होता. व्यापाराच्या दृष्टीने हा सौदा फसला. परंतु ज्या निवडुंगावर त्यांना सोडले होते, त्याचा त्यांनी असा काही फडशा पाडला की, उत्तर हिंदुस्थानातील त्या जातीचे कुंपणच्या कुंपण वाळून गेले. किड्याच्या साहाय्याने तण नष्ट झाल्याचे हे जगातील पहिले नोंदलेले उदाहरण होय, आणि ते घडले ते कोणाच्याही मनात नसताना.

ही गोष्ट लक्षात आल्यावर १८३६ ते १८३८ या काळात तोच किडा हेतुपुरस्सर दक्षिण हिंदुस्थानात नेण्यात आला, आणि १८६० नंतरच्या दशकात तो सिंहलद्वीपातही पोहोचला. परंतु दक्षिणेत निवडुंगाची आणखी एक जात पसरली होती आणि तिला हा किडा शिवत नसे. तिच्यासाठी दुसऱ्या जातीचा कोशिनिल शोधावा लागला. मूळच्या उत्तर अमेरिकेतील या किड्याने ऑस्ट्रेलियावरून सिंहलद्वीप व तेथून १९२६ मध्ये दक्षिण हिंदुस्थान असा प्रवास केला, आणि थोड्याच वर्षांत तेथील लक्षावधी निवडुंग वाळून जमीनदोस्त झाले. उष्ण व कोरडे दिवस या किड्यास मानवतात. अशा दिवसांत त्याच्या पिढ्या एकामागून एक लवकर पुऱ्या होतात आणि नुकतीच जन्मलेली पिल्ले वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडावर जाऊन बसतात. उलट, जोराच्या पावसात ती धुऊन जातात. दख्खनच्या हवेत उन्हाळा हा या सैन्याच्या चढाईचा काळ आणि पावसाळा हा माघारीचा काळ, असे म्हणावयास हरकत नाही.

निवडुंगाविरुद्धचे सर्वांत मोठे युद्ध मात्र ऑस्ट्रेलियात झाले. १७८८ मध्ये गव्हर्नर आर्थर फिलिप याच्या जहाजांबरोबर, किरमिजी रंगाच्याच आशेने, निवडुंग व कोशिनिल रिओ दे जानेरोहून तेथे गेले होते. परंतु खरा उत्पात केला तो मागाहून, एकोणिसाव्या शतकात, आलेल्या दुसऱ्या जातीने. १९२५ पर्यंत क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या प्रांतांतील सुमारे ६ कोटी एकर भूमी तिने व्यापली. आजच्या महाराष्ट्र राज्याच्या क्षेत्रफळाशी तुलना केली, तर हे प्रमाण जवळजवळ चार-पंचमांश भरते. त्यातील निम्म्या भागात निवडुंग इतका दाट होता की, तेथे मनुष्याला वा जनावराला शिरणे अशक्य होते. जमीन साफ करण्याचा खर्च जमिनीच्या किमतीहून अधिक येई. तोडलेला प्रत्येक फड पुन्हा मूळ धरी. सोमलाच्या विषाची फवारणी केली, जाळपोळ केली. क्वीन्सलंड सरकारने खात्रीचा उपाय सुचविणारास १९०१ मध्ये ५ हजार पौंडांचे व पुढे १० हजार पौंडांचे बक्षीस जाहीर केले. ते कोणासही मिळाले नाही. पिढीजाद कष्टाने वसविलेली घरे सोडून कुटुंबे निघून गेली आणि त्यांच्या अंगणात निवडुंग उभा राहिला.

अखेर १९१२ मध्ये क्वीन्सलंड सरकारने हार्वे जॉन्स्टन व हेन्री ट्रायन या दोन शास्त्रज्ञांना निवडुंगाचे शत्रू शोधण्यासाठी पृथ्वीप्रदक्षिणेस पाठविले. हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथील कोशिनिलची करामत त्यांनी समक्ष पाहिली. अर्जेंटिनात त्यांना एक करड्या रंगाचा लहानसा पतंग आढळला. त्याचे शास्त्रीय नाव कॅक्टोब्लास्टिस. १९१४ मध्ये त्याच्या अळ्या ऑस्ट्रेलियात आणल्या, परंतु त्यांची वंशवृद्धी झाली नाही. पुढे १९२५ मध्ये ॲलन डॉड या तरुण कीटकशास्त्रज्ञाने अर्जेंटिनातून पुन्हा सुमारे ३ हजार अंडी पाठविली. ही खेप मे महिन्यात ब्रिस्बेनला पोहोचली आणि या वेळी मात्र प्राण्यांनी जीव धरला. एका वर्षाच्या आत दोन पिढ्यांत त्यांची संख्या इतकी वाढली की, १९२६ च्या आरंभी २० लाखांहून अधिक अंडी निरनिराळ्या ठिकाणी सोडता आली.

या पतंगाचा जीवनक्रम पाहण्यासारखा आहे. प्रौढ पतंगास अन्न लागत नाही. तो थोडेच दिवस जगतो आणि मादी आपली अंडी एकावर एक रचून त्यांची बारीक काडी निवडुंगाला चिकटविते. दुरून पाहावे तर तो निवडुंगाचाच एक काटा वाटावा. अंड्यांतून निघालेल्या नारिंगी रंगाच्या, काळे पट्टे असलेल्या अळ्या एकजुटीने फडाला भोक पाडतात, आत शिरून गर खातात आणि एक फड पोकळ झाला की दुसऱ्यात जातात. त्यांनी केलेल्या जखमांतून कुजविणारे सूक्ष्म जंतू शिरतात आणि उरलेसुरले काम ते पूर्ण करतात.

क्वीन्सलंडच्या हवेत या पतंगाच्या वर्षाला दोन पिढ्या होतात. उन्हाळी पिढी साधारणपणे चार महिन्यांत आटोपते, तर हिवाळी पिढीस सात-आठ महिने लागतात. दोहोंची बेरीज बरोबर एक वर्ष, हा केवळ योगायोग नव्हे. अर्जेंटिनातील ज्या भागातून अंडी आणली तो आणि दक्षिण क्वीन्सलंड हे दोन्ही मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेस, एकमेकांहून फार दूर नसलेल्या अक्षांशांवर आहेत. दोहोंकडे उन्हाळा व हिवाळा एकाच महिन्यांत येतो. पतंगाला नव्या देशात नवे पंचांग शिकावे लागले नाही. अनुकूल उष्णता, शत्रूंचा अभाव आणि सभोवार अन्नाचा अथांग साठा, अशा त्रिवेणी संगमावर त्याची संख्या भूमितिश्रेणीने वाढली. १९३० ते १९३२ या अवधीत निवडुंगाची मूळची अरण्येच्या अरण्ये कुजून कोसळली. अन्न संपताच अळ्याही उपासमारीने मेल्या आणि जमिनीतील मुळांतून निवडुंग पुन्हा फुटू लागला. तेव्हा सर्व प्रयत्न वाया गेला की काय, अशी भीती क्षणभर निर्माण झाली. परंतु नव्या पालवीबरोबर पतंगही सावरला, आणि १९३३ च्या सुमारास क्वीन्सलंडमधील लढाई जिंकल्यासारखीच होती. चिंचिला गावाजवळ बूनार्गा येथे शेतकऱ्यांनी १९३६ मध्ये एक सभागृह बांधले आणि त्याला या पतंगाचे नाव दिले. एका किड्याच्या स्मरणार्थ मनुष्यांनी उभारलेल्या वास्तू जगात फारशा नसतील.

विजयाच्या या वार्तेत एक गोष्ट मात्र झाकली जाते. न्यू साउथ वेल्सच्या उंच व थंड भागांत तोच पतंग, त्याच निवडुंगावर, क्वीन्सलंडसारखे काम करीना. दक्षिण आफ्रिकेतही १९३३ मध्ये त्याला सोडण्यात आले, १९३८ मध्ये कोशिनिलचीही त्यात भर पडली आणि पुष्कळ मुलूख मोकळा झाला. परंतु थंड प्रदेशांत दोन्ही किड्यांचा प्रभाव उणा राहिला. तेथे मुंग्या अंडी पळवीत, निवडुंगाची खोडेही जाड व लाकडासारखी होती, ही कारणे होतीच. पण थंडीचा वाटा त्यांच्याइतकाच मोठा होता.

तो किती मोठा, हे पुढे प्रयोगशाळेतील निरीक्षणांनी स्पष्ट झाले. या पतंगाच्या वाढीची खालची मर्यादा सुमारे १३ अंश सेंटिग्रेड आहे आणि अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास पुरा होण्यास त्या मर्यादेवरील उष्णतेची सुमारे साडेआठशे अंशांची बेरीज व्हावी लागते. आता हिशोब सोपा आहे. दिवसाचे सरासरी उष्णतामान २३ अंश असेल, तर रोज १० अंश जमा होतात आणि सुमारे ८५ दिवसांत एक पिढी पुरी होते. तेच १८ अंश असेल, तर रोज ५ अंशच जमा होतात आणि त्याच कामास जवळजवळ अर्धे वर्ष लागते. १५ अंशांवर तर वर्षभरातही एक पिढी पुरी होणार नाही. ३० अंशांच्या आसपास वंशवृद्धीस भर येतो, आणि ३४ अंशांवर तिला पुन्हा ओहोटी लागते. उष्णतामान पाच अंशांनी घटले म्हणजे काम पाच-दहा टक्क्यांनी घटेल असे सामान्य मनुष्यास वाटते. येथे ते निम्म्यावर येते. आणि निवडुंगासारख्या चिवट वनस्पतीला एवढी सवड पुरेशी होते. एका पिढीने केलेली जखम दुसरी पिढी येईपर्यंत भरून निघते, पडलेला फड मूळ धरतो आणि रान जसेच्या तसे उभे राहते.

हाच हिशोब आज उलट्या बाजूनेही मांडला जात आहे. १९५७ मध्ये हा पतंग वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावर निवडुंगाच्या नाशासाठी सोडण्यात आला. तेथून तो बेटामागून बेट ओलांडीत गेला आणि १९८९ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात आढळला. ऑस्ट्रेलियात ज्याने परक्या तणाचा संहार केला, तो येथे मात्र देशी निवडुंगांच्या, त्यांतही अत्यंत दुर्मिळ जातींच्या, मुळावर उठला. फ्लोरिडाच्या उबदार हवेत त्याच्या वर्षाला दोनऐवजी तीन पिढ्या होतात. २००६ मध्ये तो मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर पोहोचला. मेक्सिकोत निवडुंग हे तण नसून अन्न आहे. त्याच्या कोवळ्या फडांची भाजी होते, फळे बाजारात जातात, आणि त्या राष्ट्राच्या राजचिन्हावरही निवडुंग विराजमान आहे. तेथील सरकारने तातडीने हालचाल करून २००९ पर्यंत आपल्या बेटांवरून पतंगाचे उच्चाटन केले. हा प्राणी उत्तरेस कोठवर टिकेल, कोणत्या महिन्यात त्याची झुंड उडेल, सापळे केव्हा लावावेत, या प्रश्नांची उत्तरे शास्त्रज्ञ त्याच उष्णतेच्या बेरजेतून काढीत आहेत. एके काळी जी बेरीज पतंगाच्या यशापयशाचा उलगडा करण्यास उपयोगी पडली, तीच आता त्याला अडविण्यासाठी हाती धरली गेली आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासाचा बोध दूरचा नाही. १९५५ मध्ये पुण्यात प्रथम नजरेस पडलेले गाजरगवत पुढे देशभर पसरले. त्याच्यावर उपाय म्हणून १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा एक भुंगेरा बंगळूर येथे आणण्यात आला व १९८४ मध्ये तो शेतांत सोडण्यात आला. पावसाळ्यात हा भुंगेरा व त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने अक्षरशः चाळणी करून टाकतात. परंतु पाऊस ओसरून हवा कोरडी होऊ लागली की तो जमिनीत शिरतो आणि हिवाळा व कडक उन्हाळा निद्रेत घालवितो. पुढल्या मृगाच्या सरी आल्यावरच त्याला जाग येते. गाजरगवताला मात्र अशी सुटी लागत नाही. पाटाच्या कडेला, उसाच्या बांधावर, नळाच्या गळतीपाशी, जेथे म्हणून ओल असेल तेथे ते हिवाळ्यातही उगवते आणि फुलते. शत्रू निजलेला असताना त्याचे बी मातीत पडत राहते. पावसाळी माळावर भुंगेऱ्याने चांगले काम केले आणि बागाईत भागात ते अपुरे पडले, यातील एक मोठे कारण हे दोन वेळापत्रकांतील अंतर आहे.

परदेशातून उपकारक कीटक आणण्याच्या कार्यात दोन प्रश्न पूर्वीपासून विचारले जात आले आहेत: हा किडा त्या तणावरच जगेल ना, आणि पिकांना तर शिवणार नाही ना? हे प्रश्न अत्यावश्यकच आहेत. परंतु ओआहाकाच्या शेतकऱ्यापासून डॉडच्या प्रयोगशाळेपर्यंतचा इतिहास तिसऱ्या प्रश्नाचीही तितकीच निकड दाखवितो: ज्या गावी हा किडा सोडावयाचा, तेथील हवेत त्याच्या वर्षाला पिढ्या किती होतील, आणि त्या तणाच्या वाढीच्या दिवसांशी जुळतील काय? जगाचे उष्णतामान हळूहळू चढत असल्याने या प्रश्नाचे एकदा दिलेले उत्तरही कायमचे राहणार नाही. जे थंड डोंगर काल पतंगाला दुर्गम होते ते उद्या त्याला सुगम होतील, आणि जी मैदाने आज भुंगेऱ्याला मानवतात ती उद्या त्याला असह्य होऊ शकतील.

निवडुंगाच्या या दीर्घ युद्धात अब्जावधी अळ्यांनी जे काम केले, ते करण्याची शक्ती त्यांना मनुष्याने दिलेली नव्हती. त्याने फक्त त्यांची जागा बदलली. नवी जागा त्यांच्या ऋतुचक्राशी जुळली तेथे मनुष्य यशस्वी ठरला, आणि जुळली नाही तेथे कोट्यवधी अंडी सोडूनही त्याचे हात रिकामे राहिले. म्हणूनच पुढच्या वेळी एखादे परके तण शेतात शिरेल, तेव्हा किड्यांची पेटी उघडण्यापूर्वी त्या गावच्या बारा महिन्यांच्या उष्णतामानाची वही उघडून पाहणे, हे शहाणपणाचे पहिले पाऊल ठरेल.